दोन पणत्या आणि आजीचं बॉलिंग

यंदा दिवाळीला बंगळूरहून पुण्याला घरी आलो आणि आईने पहिल्याच दिवशी माळ्यावर चढवलं. (आयटीत कितीही मोठे व्हा, माळा तुम्हालाच आवरायचाय.) तिथे पितळी डब्यांच्या मागे एक पांढरी वस्तू दिसली. धूळ झटकली आणि पोटात कालवलं. आमचा वी!

ज्यांचं बालपण याच्याशिवाय गेलं त्यांच्यासाठी थोडक्यात : निन्टेंडोने नोव्हेंबर २००६ मध्ये हा कन्सोल अमेरिकेत आणला. किंमत २५० डॉलर. त्याच महिन्यात आलेला प्लेस्टेशन ३ पाचशे-सहाशे डॉलरचा. ताकदीत दोघांची तुलनाच नको. वीचा प्रोसेसर ७२९ मेगाहर्ट्झ, रॅम ८८ एमबी, साठवायला जागा ५१२ एमबी. एचडी नाहीच, गाडी ४८०पी वर थांबलेली. पण त्याचा रिमोट हातात धरून हात फिरवला, की पडद्यावरचा माणूस रॅकेट फिरवायचा! बास, एवढ्यावर जग फिदा झालं. एकूण १० कोटींच्या वर खपला हा डबा.

आमच्याकडे तो २००९ मध्ये आला, न्यू जर्सीच्या मामाच्या बॅगेतून. मी तेव्हा बारा वर्षांचा. त्याचा अडॅप्टर १२० व्होल्टचा, म्हणजे आपल्या प्लगमध्ये सरळ खुपसला तर फटाकाच. बाबांनी तपकीर गल्लीतून ट्रान्सफॉर्मर आणला आणि मग टीव्ही लागला. वर रीजन लॉक. अमेरिकेच्या कन्सोलवर अमेरिकेच्याच डिस्क चालणार. त्यामुळे आमचं सगळं गेमिंग मामाच्या पुढच्या फेरीवर अवलंबून!

पण सोबत 'वी स्पोर्ट्स'ची डिस्क होती, आणि त्यात बॉलिंग होतं.

पहिल्याच संध्याकाळी आजी बघायला बसली. तेव्हा ती ६८ वर्षांची. थोड्या वेळाने म्हणाली, "अरे, हे तर सडा घातल्यासारखंच आहे. आण इकडे." पदर खोचला, हात मागे नेला, पुढे आणला, बटण सोडलं. आठ पिना आडव्या. मोबाईलवर मेसेज कसा वाचायचा हे तिला मी चार वेळा शिकवलं होतं. हे कोणीच शिकवलं नाही. पुढे कित्येक महिने संध्याकाळचा दिवा लावून झाला की तिचे दोन डाव ठरलेले.

आता इंजिनियरच्या नजरेने बघतो तेव्हा यातली गंमत कळते. रिमोटमध्ये होता एक साधा ॲक्सेलरोमीटर. गाड्यांच्या एअरबॅगमध्ये तशा चिप आधीपासून होत्याच. निन्टेंडोतल्या गुनपेई योकोई यांचं तत्त्वच होतं, की जुनं होऊन स्वस्त झालेलं तंत्रज्ञान घ्या आणि वेगळ्याच कामाला जुंपा. योकोई १९९७ मध्येच गेले, पण वी म्हणजे त्यांच्याच विचाराचं पोर.

ॲक्सेलरोमीटरला झटका किती जोराचा आणि कधी बसला ते कळतं. हात नक्की कुठे आहे ते कळत नाही. म्हणून गेम अंदाज बांधायचा, आणि अंदाज बांधताना बराच उदारपणा दाखवायचा. टेनिसमध्ये आख्खा हात फिरवायची गरजच नव्हती. सोफ्यावर लोळून मनगट झटकलं तरी चालायचं. हे मला कळल्यावर मी तसाच खेळून जिंकायचो आणि वर मित्रांना सांगायचो, "काही नाही रे, फेक आहे सगळं."

बाकीच्या तक्रारीही खऱ्याच. रिमोट हलवा म्हणजे गेम झाला, अशा समजुतीने काढलेल्या टुकार गेम्सचा ढीग होता. ऑनलाईन खेळायचं तर मित्राचा १२ आकडी कोड टाका. 'सुपर मारिओ गॅलक्सी'सारखी रत्नं होती, पण बऱ्याच घरांत 'वी स्पोर्ट्स'पलीकडे गाडी गेलीच नाही आणि वर्षभरात डबा माळ्यावर.

आमच्याकडे मात्र तो माळ्यावर जाण्याचं कारण मी होतो.

२०१० मध्ये मामाने 'वी स्पोर्ट्स रिसॉर्ट' आणि मोशनप्लस आणला. रिमोटच्या बुडाला लावायचा छोटा तुकडा, आत जायरोस्कोप. आता मनगट किती वळलं तेही कळणार! मी हरखलो. जुनी डिस्क कपाटात टाकली आणि आजीला म्हटलं, आता यावर खेळ, हे खरं बॉलिंग.

खरं होतंच. तिचं मनगट सुटताना जरा वळायचं, जुन्या गेममध्ये ते चालून जायचं. आता चेंडू वळून गटारात जायला लागला. मी शेजारी उभा राहून : "आजी, मनगट सरळ! आजी, आधी रिमोट टेबलावर उपडा ठेव, कॅलिब्रेट व्हायचाय. आजी, तू चुकतेयस." चार-पाच दिवसांनी ती म्हणाली, "तूच खेळ रे बाळा, माझा हात दुखतो." मी खेळलो. तिचा हात दुखत नव्हता हे कळायला मला नोकरी लागावी लागली. 'यूजर चुकतोय' असं लिहून हापिसात मी किती तिकिटं बंद केलीत, देव जाणे.

असो. तर या दिवाळीत डबा खाली आणला. ट्रान्सफॉर्मर जिवंत, कन्सोल जिवंत, पण सेन्सर बारची वायर उंदराने कुरतडलेली. बार नाही तर मेनूत बोट दाखवता येत नाही. मग आठवलं : त्या बारमध्ये नावाप्रमाणे सेन्सर नसतोच! दोन टोकांना इन्फ्रारेड दिवे असतात फक्त, बघणारा कॅमेरा रिमोटमध्ये असतो. आणि इन्फ्रारेड तर ज्योतीतूनही निघतो.

टीव्हीसमोर वीतभर अंतरावर दोन पणत्या ठेवल्या. पडद्यावर हाताचा पंजा उमटला, जरा थरथरता. आई ओरडली, "घर पेटवशील!" :)

मोशनप्लस काढून ठेवला आणि जुनी डिस्क घातली. आजी आता ८४ ची. गुडघ्यांमुळे उभं राहून खेळणं शक्य नाही. खुर्चीत बसूनच तिने मनगट जरासं झटकलं. ज्याला मी फेक म्हणायचो, अगदी तसंच. चेंडू सरळ गेला.

नऊ पिना पडल्या. दहावीसाठी काय करायचं ते मला माहीत होतं, पण या वेळी तोंड बंद ठेवलं.

"चालतंय की अजून," ती म्हणाली, आणि पुढचा चेंडू टाकला.