मावशींची देणी

इंदूरच्या पोलोग्राउंडवर पोलो खेळताना मी कधी कुणाला पाहिलं नाही. आमच्या लहानपणी तिथं कारखाने होते, सांवेर रोडकडे वळणारे ट्रक होते आणि विद्युत मंडळाचं कार्यालय होतं. वडील त्या कार्यालयात कारकून, म्हणून आम्ही त्याच बाजूच्या एका गल्लीत भाड्यानं राहायचो. समोरच्या खोलीत मावशी. बाणगंगेच्या मनोरुग्णालयात त्या आया होत्या. दवाखान्यातल्या आयांना सगळे मावशीच म्हणतात, तशा त्या गल्लीच्याही मावशी झाल्या होत्या. यजमान मिलमध्ये होते. 1991च्या डिसेंबरात हुकुमचंद मिल बंद झाली, आगेमागे इतरही मिली थंडावल्या आणि आमच्याकडच्या बऱ्याच चुली बायकांच्या कमाईवर पेटू लागल्या. मावशींची त्यातलीच एक.

पुण्याकडे येरवडा, मुंबईकडे ठाणं, तशी इंदुरात बाणगंगा. ‘इसको बाणगंगा भेज दो’ हे वाक्य आमच्याकडे पोरंसोरंसुद्धा सहज बोलतात. मी सातवीत असताना धाकट्या मामाला तिथं दाखल केलं. घरात ठरलं होतं की कुणी विचारलं तर मामा देवासला कामाला गेलाय. पण वर्गातल्या एका मुलानं टेम्पोतून जाताना आईला दवाखान्याच्या फाटकात पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी माझं बारसं झालं: बाणगंगा.

मारहाण कुणी केली नाही. तसं काही झालं असतं तर घरी सांगायला सोपं गेलं असतं. हजेरीत माझा नंबर आला की मागच्या बाकांवरून घंटी वाजवल्यासारखे आवाज यायचे. माझा डबा चुकून कुणाच्या डब्याला लागला की ‘अरे भिया, लग जाएगा’ म्हणत तो डबा पुसला जायचा. रुमालानं, अगदी काळजीपूर्वक, झाकण उलटसुलट करून. ते पुसणं मला अजून दिसतं. बाईंनी एकदा सगळ्या वर्गाला उभं करून दम भरला. दोन दिवस शांततेत गेले, मग आवाज बारीक झाले आणि वाढले.

मी पोट दुखतंय म्हणून घरी राहू लागले. मावशी रात्रपाळी करून आल्या की ओट्यावर बसायच्या. थंडीचे दिवस होते, परातीत बटले, म्हणजे मटार, सोलणं चाललं होतं. त्यांनी मला काही विचारलं नाही, मूठभर शेंगा माझ्यापुढे सारल्या. बऱ्याच शेंगा सोलून झाल्यावर मीच बोलायला लागले. त्यांनी सगळं ऐकलं, मध्ये एकदाही ‘दुर्लक्ष कर’ म्हणाल्या नाहीत. मग विचारलं, “हसतं कोण कोण?” मी नावं सांगितली. “आणि त्यातलं सगळ्यात शेवटी कोण हसतं?”

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. एक मुलगी होती. आधी इकडेतिकडे बघायची, मग हसायची. मावशी म्हणाल्या, “तिच्या बाजूला जाऊन बस. चिडवणाऱ्याच्या नादी लागू नको, त्याला बघणारे हवे असतात. वॉर्डात एक पेशंट दुसऱ्याची टर उडवायला लागला ना, की मी त्याला नाही धरत. तिसऱ्याला धरते. चल म्हणते, ताटं धुवायची आहेत.”

मी जाऊन बसले. लगेच काही झालं नाही. ती मुलगी घाबरलेलीच होती, पण तिनं डबा बाजूला ओढला नाही. पुढे तिच्यामागून आणखी एक आली. नाव पुसलं गेलं असं म्हणणार नाही, एका मुलानं ते दहावीपर्यंत चालवलं. पण हसायला कुणी उरलं नाही आणि त्याचंही लक्ष दुसरीकडे गेलं. देवासचं खोटं मावशींनीच सोडायला लावलं. “कावीळ झाली असती तर सांगितलं असतंस ना?” एवढंच. मामा गोळ्या घेऊन बरा राहिला, नंतर खरंच कामाला लागला, तेही इंदुरातच.

एक गोष्ट मात्र त्यांनी दम देऊन सांगितली होती. मैत्रिणींची गुपितं खुशाल पोटात ठेव, पण कुणी मरायचं बोललं किंवा कुणाला मारायचं बोललं, तर ते त्याच दिवशी मोठ्या माणसाला सांगायचं, मग मैत्री राहो न राहो. वॉर्डातही असलं काही कानावर आलं की त्या लगेच सिस्टरकडे जायच्या.

पुढे मी शिक्षिका झाले. फिनलंडमधल्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली या मानसशास्त्रज्ञ बाईंचं 1996 सालचं काम वाचलं तेव्हा ओट्यावरची परात आठवून हसू आलं. छळ हा दोघांचा मामला नसतो, असं त्यांनी दाखवलं. कुणी छळणाऱ्याला साथ देतं, कुणी हसून हवा देतं, कुणी बाजूला राहतं, एखादंच पाठीशी उभं राहतं. बघ्यांना हलवलं तर खेळच बदलतो. ‘कीवा’ हा फिनलंडच्या शाळांतला कार्यक्रम याच पायावर उभा आहे.

आपल्याकडे केंद्र सरकारनं 2020 मध्ये आयुष्मान भारतखाली शाळा आरोग्य कार्यक्रम आणला. प्रत्येक शाळेत दोन शिक्षक तयार करायचे, 11 विषय शिकवायचे, त्यात भावनिक आणि मानसिक आरोग्यही. मी त्यातली एक. कागदावर कार्यक्रम चांगला आहे, पण माझी एक शंका आहे आणि तिला आधारही आहे. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात गोव्याच्या ‘संगत’ संस्थेच्या मंडळींनी शाळांमध्ये मोठा प्रयोग केला, तो 2018 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. तेच उपक्रम काही शाळांत शिक्षकांनी चालवले, काही शाळांत वेगळ्या नेमलेल्या साध्या समुपदेशकांनी. समुपदेशकांच्या शाळांत वातावरण सुधारलं, छळ आणि नैराश्य कमी झालं. शिक्षकांच्या शाळांत फरक पडला नाही. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. गणिताचे गुण ज्याच्या हातात, त्याच्यापाशी कोण रडणार? हातात काहीच नसलेलं माणूस लागतं, बटले सोलणारं.

म्हणून मी भाषण कमी करते. मुलांना वर्गाचा नकाशा काढायला लावते: डबा लाथाडला गेला तेव्हा कोण कुठं उभं होतं, कोण हसलं, कोण शेवटी हसलं. आठवीची मुलं हे फार प्रामाणिकपणे करतात. स्वतःची फुली आधी दाराबाहेर काढतात, मग खोडून आत आणतात. नंतर सराव. छळणाऱ्याशी भांडायचं नाही, ज्याचा डबा सांडला त्याला म्हणायचं, “चल, नळावर जाऊ.” काही मुलांना हे इतकं सोपं वाटतं की राग येतो, त्यांना दोन गुद्दे घालायचे असतात. फळ्याच्या कोपऱ्यात टेली मानस हेल्पलाइनचा 14416 हा नंबर कायम लिहिलेला असतो आणि त्याशेजारी मावशींचा नियम: मरणाचं आणि मारण्याचं त्याच दिवशी सांगायचं.

नालंद्यात मनातलं लिहून टाकायची पेटी होती, म्हणून मीही एक ठेवली, मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर. महिनाभर रिकामी. मावशी आता थकल्यात, गुडघे धरलेत, पण पेटीचं ऐकून तडकल्याच. “तिथं कोण टाकेल? टाकणारा सगळ्यांना दिसतो. बाथरूमच्या वाटेवर ठेव.” ठेवली. चिठ्ठ्या यायला लागल्या, पण बहुतेक पंख्याच्या: मधला पंखा फिरत नाही, मॅडम. मी जरा हिरमुसले.

“पंखा नीट करून घे आधी,” मावशी म्हणाल्या. “पंख्याचं ऐकतात असं दिसलं, की बाकीचं लिहितील.”

पंख्यासाठी अर्ज दिलाय. कारकुनाच्या टेबलावर आहे, सोमवारी परत जाऊन विचारायचंय.