डी मधे ठेव

मराठी घरात कंप्युटर आला तेव्हा त्याच्या मागोमाग एक मंत्रही आला. "महत्त्वाचं काही असेल तर डी मधे ठेव."

मंत्र देणारा म्हणजे कंप्युटर असेंबल करून देणारा पोरगा. पुण्यातला असेल तर पार्ट तापकीर गल्लीतून आणायचा, मुंबईतला असेल तर लॅमिंग्टन रोडवरून. ४० जीबीची हार्ड डिस्क, तिचे सी, डी, ई, एफ असे चार तुकडे, सी मधे विंडोज एक्सपी, आणि एफ मधे 'साँग्स' नावाचा एक फोल्डर फ्री :) (ए आणि बी कुठे गेले? ती अक्षरं फ्लॉपीसाठी राखून ठेवलेली. फ्लॉपी गेली, आरक्षण राहिलं.)

विंडोज सहा-आठ महिन्यांनी आजारी पडायची. मग त्याला फोन. तो यायचा, चहा घ्यायचा, सी फॉरमॅट मारायचा आणि जायचा. सी मधलं सगळं स्वाहा, डी मधलं जसंच्या तसं. दोन-तीनदा हे बघितलं की घरातली आजीसुद्धा सांगायची, सी वर विश्वास ठेवू नका. म्हणजे ही काही अंधश्रद्धा नव्हती, स्वतः अनुभवून पटलेली गोष्ट होती.

पुढे ब्रँडेड लॅपटॉप आले आणि घोळ झाला. खोक्यात विंडोजची सीडी देणं कंपन्यांनी बंद केलं. त्याऐवजी कारखान्यातल्या मूळ विंडोजची एक प्रत हार्ड डिस्कच्याच एका तुकड्यात ठेवायला लागले. तुकड्याचं नाव रिकव्हरी. आणि बऱ्याच मॉडेलवर त्याला अक्षर दिलं... डी!

२०१३ सालची गोष्ट. शनिवारी सकाळी साताऱ्याहून आत्याचा फोन.

"अरे, तो लॅपटॉप म्हणतोय जागा संपली. सारखा खाली कोपऱ्यात फुगा येतो."

"काय लिहिलंय, वाच बरं."

"रिकव्हरी, कंसात डी. जुन्या आणि नको असलेल्या फायली काढायला सांगतोय. आता यातल्या जुन्या म्हणजे ह्यांच्याच की रे."

मी गप्प. काकांना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं.

"आणि काही इंग्रजी नावांचे फोल्डर आहेत," ती म्हणाली. "ते काही मी केलेले नाहीत. ते उडवू का?"

"आत्या, काही म्हणजे काही उडवू नकोस. लॅपटॉप बंद कर. मी उद्या येतो."

काकांनी रिटायर झाल्यावर एक स्कॅनर घेतला होता. घरातले सगळे अल्बम त्यांनी दीड वर्ष बसून स्कॅन केले. नुसते स्कॅन नाही, प्रत्येक फाइलला नाव: गाव, साल, डावीकडून कोण कोण. मूळ अल्बममधले निम्मे फोटो एका पावसाळ्यात ओल लागून एकमेकांना चिकटले, ते सुटलेच नाहीत. त्यामुळे बऱ्याच फोटोंची जगात एकच प्रत होती, आणि ती काकांनी मंत्राप्रमाणे डी मधे ठेवली होती.

रविवारी सकाळी स्वारगेटहून एसटी पकडली. लॅपटॉप विंडोज ७ चा. माय कंप्युटर उघडला तर डी ची पट्टी लालभडक. १५ जीबीतला बहुतेक भाग कारखान्यातल्या फायलींचा, दोनेक जीबी काकांचे फोटो, आणि उरलेल्यात लॅपटॉपच्याच नावाचा एक फोल्डर. म्हणजे विंडोजचा बॅकअप कोणीतरी चालू केला होता, आणि ठेवायला जागा निवडली होती डी! तो बॅकअप आपोआप चालायची ठरलेली वेळ म्हणजे दर रविवारी संध्याकाळी ७. आठवड्याच्या बाजारासारखा तो दर रविवारी यायचा आणि जागा नाही म्हणून तंटा करायचा.

आता त्या फुग्याबद्दल थोडं. ड्राइव्हवर २०० एमबीपेक्षा कमी जागा उरली की विंडोज ७ फुगा दाखवते. ड्राइव्ह कशासाठी आहे याच्याशी तिला देणंघेणं नाही. रिकव्हरीचा तुकडा मुळात भरलेलाच असतो, त्यासाठीच तो केलेला असतो. त्याला 'जागा रिकामी करा' म्हणणं म्हणजे भरलेला सिलिंडर रिकामा करून ठेवा म्हणण्यासारखं आहे. बरं, फुग्यावर क्लिक करून डिस्क क्लीनअप उघडलं तरी तिथे साफ करण्यासारखं जवळजवळ काही सापडत नाही. मग माणूस स्वतः आत शिरून उडवायला लागतो. आणि समोर दोनच गोष्टी असतात: एक, न कळणारे फोल्डर, जे उडवले तर मूळ विंडोज परत मिळत नाही. दुसरी, स्वतःच्या वस्तू.

शिवाय डी सुरक्षित ही समजूतही आता खरी राहिली नव्हती. सी आणि डी एकाच डिस्कचे तुकडे. वाड्यात खोल्या कितीही पाडल्या तरी वाडा पडला की सगळ्या खोल्या पडतात. आणि रिकव्हरी डीव्हीडीवरून केली तर बऱ्याचदा अख्खी डिस्क नव्याने आखली जाते, त्यात डी मधलंही सगळं पुसलं जातं. म्हणजे उद्या विंडोज बिघडली असती आणि कोणी भाबडेपणाने रिकव्हरी मारली असती, तर... जाऊ दे.

गावातल्या दुकानातून ५०० जीबीची बाहेरून जोडायची डिस्क आणली. फोटो त्या डिस्कवर कॉपी केले, सी मधे कॉपी केले, तिन्हीकडची फाइलींची संख्या जुळवली. मग लॅपटॉपबरोबर आलेल्या प्रोग्रॅमने रिकव्हरीच्या डीव्हीडी बनवल्या. चार डीव्हीडी, अख्खी दुपार. बॅकअपचं वेळापत्रक बंद केलं, त्याचा फोल्डर उडवला. फुगा तेवढ्यानेही थांबला असता. पण फोटो तिथे राहू देणं मला पटत नव्हतं.

"आता डी मधले फोटो काढतो," मी म्हटलं.

"तिथून नको काढूस." आत्या एकदम म्हणाली. "ह्यांनी तिथे ठेवलेत."

यावर काय बोलणार? पार्टिशन टेबल समजावून सांगण्यासारखा तो प्रश्न नव्हता. नवीन डिस्कवरचा फोल्डर उघडून लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला आणि मी चहा टाकायला उठलो. ती एकेक फोटो बघत बसली. मुंजी, डोहाळजेवणं, १९७८ ची गणपतीपुळ्याची सहल, फाइलीच्या नावात 'डावीकडून तिसरी ही' असं लिहिलेला एक. ही म्हणजे आत्या. तासाभराने तिने चष्मा काढला.

"सगळे आहेत. काढ आता."

शेवटचं काम राहिलं ते अक्षराचं. डिस्क मॅनेजमेंट मधे जाऊन रिकव्हरीचं अक्षर काढून टाकता येतं. आतला डेटा जात नाही, फक्त दाराची पाटी जाते. पाटी नाही म्हणजे माय कंप्युटर मधे ड्राइव्ह दिसत नाही आणि त्याच्या नावाने फुगाही येत नाही. रिकव्हरी तरीही चालते का, हे लॅपटॉप सुरू होताना की दाबून, मेनूपर्यंत जाऊन बघितलं आणि तिथूनच परत फिरलो. चालत होती.

"अरे, डी गेला की!" आत्या.

मग बाहेरच्या डिस्कला डी दिलं. विंडोज ते लक्षात ठेवते, पुन्हा जोडली की पुन्हा डी. आत्याने कपाटातून मार्कर काढला आणि डिस्कच्या पाठीवर मोठ्ठा डी काढला.

(रजिस्ट्रीत एक किल्ली आहे, ती बदलली की हे फुगे कायमचे बंद होतात. बरेच लोक तीच सुचवतात. मला ती आवडत नाही, कारण मग सी खरोखर भरला तरी कोणी सांगायला येत नाही.)

हा प्रकार विंडोज ७ बरोबर संपेल असं वाटलं होतं, पण कसलं काय! विंडोज १० च्या एप्रिल २०१८ च्या अपडेटनंतर अनेकांच्या कंप्युटरवर आजवर लपलेल्या रिकव्हरीच्या तुकड्याला अचानक नवीन अक्षर मिळालं. काही शे एमबीचा तुकडा, जवळजवळ भरलेला, की लगेच 'जागा संपत आली'. तिथेही उपाय तोच: काही पुसायचं नाही, अक्षर काढायचं.

आणि मग जानेवारी २०२४. या वेळी कमतरता खरी होती. बिटलॉकरचं कुलूप रिकव्हरीच्या वाटेने चुकवता येईल अशी एक फट सापडली होती, ती बुजवणाऱ्या अपडेटला रिकव्हरीच्या तुकड्यात २५० एमबी मोकळी जागा हवी होती. बऱ्याच मशीनवर ती नव्हती. आणि आता फुगा नाही! 'जागा कमी आहे' एवढं साधं वाक्य दाखवायच्या ऐवजी एक लांबलचक आकड्यांचा एरर. मायक्रोसॉफ्टने सांगितलेला उपाय म्हणजे रिकव्हरी बंद करा, सी थोडा आकसवा, जुना तुकडा उडवा, मोठा तुकडा बनवा, रिकव्हरी चालू करा. सगळं कमांड लिहून, हाताने. माझ्यासारख्याला पंधरा मिनिटं. पण हे फोनवर आत्याला कसं सांगायचं?

तिचा लॅपटॉप मधे २०१९ साली बदलला होता, अपडेट नीट बसलं की नाही बघायला तेव्हा मी साताऱ्याला गेलोच. बसलं होतं, जागा पुरेशी निघाली. गेलोच होतो म्हणून डी मागवून घेतली. आत्याच्या नातीने तिच्यावर स्वतःच्या बारशाचे फोटो टाकले होते, प्रत्येक फाइलला नाव देऊन: गाव, साल, डावीकडून कोण कोण.