कळ थांबली म्हणून विंचू उतरला असे नव्हे



गोष्ट १९९८ सालची, दोडामार्गच्या बाजूची. काजूच्या बागेत गडगा नीट करताना एका गड्याला लाल विंचू डसला. मी खत देण्याची पद्धत दाखवायला तेथे गेलो होतो. घटकाभराने तो म्हणाला, "सायबांनू, कळ कमी झाली, पण घाम येता." मीच शहाणपणाने सांगितले, "मग उतरला म्हणायचा." थोड्या वेळात त्याला ओकारी झाली, हातपाय गार पडले. जीप होती म्हणून तो वाचला. डॉक्टरांनी एक गोळी दिली आणि मला बाजूला घेऊन बरेच समजावले.

त्या गोळीचा विंचवावरचा उपयोग आपल्याच कोकणात सिद्ध झाला. जालना जिल्ह्यातील देहेड गावचे हिम्मतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. वय जेमतेम पंचवीस. विंचू डसलेली धडधाकट माणसे आणि पोरेबाळे डोळ्यांदेखत जात. हे डॉक्टर रुग्णाच्या खाटेशी रात्रभर बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास टिपून ठेवू लागले. पीक पाहणीत आपण पानावरचा ठिपका टिपतो, तसेच. त्यांच्या नोंदी १९८२ साली 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या नामांकित वैद्यकीय साप्ताहिकात छापून आल्या.

त्या नोंदींतून उलगडा झाला. विषाने शरीरातील रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर भार पडतो आणि शेवटी फुप्फुसात पाणी भरते. मग रक्तवाहिन्या सैल करणारी रक्तदाबाची गोळी, प्राझोसिन, त्यांनी वापरून पाहिली. तिचा अनुभव १९८६ साली 'लॅन्सेट'मध्येच आला. गंभीर विषबाधेत पूर्वी शंभरात सुमारे चाळीस दगावत, ते प्रमाण एकावर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता आपल्या कामाचे. नुसत्या कळेवरून धोका ओळखू नका. दरदरून घाम, ओकारी, गार हातपाय, धाप यांपैकी काहीही दिसले, तर मंत्र, पाला, दोरी यांत वेळ घालवू नका. डंख केव्हा झाला ती वेळ कागदावर लिहा आणि रुग्णाला तडक दवाखान्यात न्या. लहान मूल असेल तर लक्षणांची वाटही पाहू नका. गोळी मात्र घरी देऊ नका. तिने रक्तदाब एकदम उतरून रुग्णाला भोवळ येऊ शकते. गडग्यात, लाकडांच्या राशीत किंवा मांगरातल्या गवतात हात घालण्याआधी काठीने चाळवून पाहा.

त्या दिवशी मी घाम पाहिला होता, पण त्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता. आता तुम्हांला ठाऊक आहे. शेजारच्या घरीही सांगा.