भाव पटला नाही

लासूर स्टेशनच्या मोंढ्यात कांद्याच्या एखाद्या वक्कलाचा भाव पटला नाही, तर शेतकरी माल परत नेतो. त्या ओळीत शून्य लिहायचं, कोरं सोडायचं, की भावाचा रकानाच ठेवायचा नाही?

गावात डेटाबेसची कामं करणारा एक माणूस दहा वर्षं या प्रश्नाशी झुंजतो आहे. अडत्यांच्या मोबाइलवरून नोंदी जेसनमध्ये येतात. त्यातला भाव काढायला त्यानं फंक्शन लिहिलं होतं, ते कधीच अडायचं नाही. भलताच मजकूर असो, नल असो, ‘भाव’ ही की गायब असो, हाती शून्य. चारचौघांत तो ते मिरवायचा. आज तसं कबूलही करतो.

गेल्या पावसाळ्यात हाताखाली शिकणाऱ्या भाच्यानं तीन वक्कलं पुढं ठेवली: १२००, १५०० आणि एक न विकलेलं. “मामा, सरासरी ९०० कशी? १३५० पाहिजे ना?”

तेव्हापासून तो जेसनमधून नोंद काढणाऱ्या बाणांपाशीच (-> आणि ->>) अडकला आहे. पोस्टग्रेसमध्ये २०१३ पासून एका टोकाचा बाण जेसन देतो, दोन टोकांचा मजकूर. पहिल्यानं काढलेला जेसनचा नल एसक्यूएलच्या लेखी नल नसतोच. दुसऱ्यानं काढला, तर लिहिलेला नल आणि नसलेली की एकच होऊन येतात. माल परत गेला की अडत्या लिहायला विसरला, हा फरक तिथंच पुसला जातो.

मायएसक्यूएलवर त्याचा राग आहे. तिथं दोन टोकांचा बाण जेसनच्या नलऐवजी चार रोमन अक्षरांचा मजकूर देतो, आणि ‘1,250’चा दशांश आकडा करायला सांगितलं तर मायएसक्यूएल स्वल्पविरामापाशी थांबून 1 देतं, वर नुसता इशारा. पोस्टग्रेस त्याच ठिकाणी काम थांबवतं. देवनागरी ‘१२५०’लाही थांबवतं. हे अडणं त्याला पूर्वी उद्धट वाटे.

एसक्यूएलच्या २०१६च्या प्रमाणात आलेलं ‘जेसन व्हॅल्यू’ पोस्टग्रेसला २०२४ साली, सतराव्या आवृत्तीत मिळालं. की नसेल तर चूक दाखव, असं त्याला सांगता येतं. लिहिलेला नल मात्र नल म्हणूनच येतो. मामाला हवं होतं ते हेच. पण काही सांगितलं नाही, तर तेही दोन्हीकडे गुपचूप नल देतं. हे ज्यांनी ठरवलं त्यांनी कधी लिलाव पाहिला नसावा, असं त्याचं ठाम मत आहे.

नवं फंक्शन अडतं. जुन्या शून्यांचं मूळ जेसन मात्र त्यानं जागा वाचवायला पुसून टाकलेलं. म्हणून संध्याकाळी मामा-भाचे अडत्यांकडच्या जुन्या कागदी पट्ट्या घेऊन बसतात आणि एकेका शून्याचा माग काढतात.