नागीण आणि मी

नागीण झाली म्हटलं की आमच्याकडे पहिला प्रश्न, "तोंडं मिळाली का?" कमरेभोवती फिरणाऱ्या फोडांच्या पट्ट्याची दोन टोकं भिडली की माणूस गेलाच, ही पिढीजात भीती. शाळेत विज्ञान शिकवताना मी तिची यथेच्छ टिंगल केली. गेरू लावणारे, मंत्र घालून नागीण उतरवणारे माझ्या लेखी निव्वळ भोंदू, आणि रोग म्हणजे पंधरा दिवसांत जाणारे चार फोड.

आज यातलं एकही मत जसंच्या तसं उरलेलं नाही.

सत्तरी ओलांडलेल्या आत्याच्या उजव्या बरगडीखाली आग होऊ लागली, तेव्हा अंगावर काहीच नव्हतं. पित्त असेल म्हणून ओवा-सोडा झाला. फोड उठले ते नंतर. मग गेरू आला. डॉक्टर सगळ्यांत शेवटी. खपल्या पडल्या, उतरवणाऱ्याला नारळ पोचला, दुखणं मात्र राहिलं. वर्षभर तिला तिथे पदराचा काठ सोसत नव्हता. शिवण टोचू नये म्हणून चोळी उलटी घालायची. पंख्याचा वारा लागला तरी दात आवळायची.

तिच्यापायी मी वाचू लागले. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत दबा धरून बसतो. वय झालं, किंवा आजारानं, औषधांनी प्रतिकारशक्ती खचली, की एखाद्या तंतूच्या वाटेनं नागीण होऊन वर येतो. सायरनसेस्टर या इंग्लंडमधल्या गावातले डॉक्टर एडगर होप-सिम्पसन यांनी आपल्या रुग्णांच्या १६ वर्षांच्या नोंदींवरून हे १९६५ साली मांडलं. तंतू एकाच बाजूचा, म्हणून पट्टा सहसा मध्यावर थांबतो. तोंडं मिळत नाहीत. पण प्रतिकारशक्ती पार ढासळलेल्या माणसात फोड अंगभर पसरू शकतात आणि ते जिवावर बेतू शकतं. जुन्या भीतीमागे कुणाची तरी बारीक नजर असावी, असं आता वाटतं. उतरवणाऱ्याला यश का येतं तेही उघड आहे: फोड दोन ते चार आठवड्यांत तसेही सुकतात.

जातो तो वेळ. विषाणूवरच्या असायक्लोविरसारख्या गोळ्या फोड उठल्यापासून ७२ तासांत सुरू झाल्या तर जास्त उपयोगी पडतात. कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर डोळ्यालाही धोका असतो.

पन्नाशीनंतर घ्यायची दोन डोसांची लस २०२३ पासून भारतात मिळते. महाग आहे, आणि 'मला कशाला होतेय' म्हणत मीही ती टाळलीच असती. आत्याची उलटी चोळी आठवली आणि घेतली. दंड चांगलाच ठणकला.

गेरूवाल्यांशी मी आता वाद घालत नाही. नागीण खुशाल उतरवून घ्या. पण आधी डॉक्टर गाठा, आणि तेही तीन दिवसांच्या आत.