३६० पानांचा माणूस

आमच्या लहानपणी ‘तार आली’ एवढंच कानावर पडलं तरी घरातली बाई हातातलं काम टाकून भिंतीचा आधार घ्यायची. तारेत काय लिहिलंय हे विचारायची गरज नसे. गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरी १९७४ साली अशी तार आली, ती थोरल्या काकांची. काका बोटीवर खलाशी होते. तार इंग्रजीत, म्हणून पोस्टमन ती आधी शाळेत हेडमास्तरांकडे घेऊन गेला. हेडमास्तर घरी आले, पाणी मागून प्यायले, आजोबांशी भाताच्या लावणीविषयी बोलले आणि मग हळूच म्हणाले, “तात्या, मोठा जरासा आजारी आहे म्हणतात.” तासाभराने खोतांकडचे कुणी आले. ते म्हणाले, “आजार बराच वाढलाय.” दिवेलागणीपर्यंत आजीला सगळं कळलं होतं आणि ते कुणीच बोलून दाखवलं नव्हतं.

परवा चुलतभाऊ शारजात गेला. रात्री झोपला तो सकाळी उठलाच नाही. इकडे गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा हार घातलेला फोटो येऊन पडला, खाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली, तेव्हा त्याची आई, आमची धाकटी काकू, अंगणात कोकमं वाळत घालत होती. शेजारच्या पोरीने मोबाइल बघितला आणि ती किंचाळली. काकूला बातमी अशी कळली. पाणी मागणारं, भाताविषयी बोलणारं कुणी मध्ये आलंच नाही. खोटं बोलून दुःखाला हळूहळू घरात आणायची ती रीत होती. आम्हाला तेव्हा तिचा राग यायचा. आज ती हवीशी वाटते.

थोरल्या काकांचा देह आलाच नाही. तो समुद्रातच सोडला होता, असं तारेनंतरच्या पत्रात होतं. मग भटजींनी पालाशविधी सांगितला. देह मिळत नाही तेव्हा पळसाच्या पानांचा माणूस करायचा आणि त्यालाच अग्नी द्यायचा. पानं ३६० लागतात. आम्हा पोरांना पळसाच्या झाडांकडे पिटाळलं. पळसाला पानं तीनच, म्हणून १२० देठ मोजायचे, असा हिशेब आम्हीच केला. ओटीवर दर्भ पसरून भटजी एकेक अवयव सांगत होते. डोक्याला ४०, गळ्याला १०, दोन्ही हातांना मिळून १००. वाडीतले बाप्ये पानं मांडत होते, लोकरीच्या दोऱ्याने बांधत होते, वरून जवाचं पीठ लावत होते. डोक्याच्या जागी नारळ ठेवला. एवढा वेळ माजघराच्या दारात उभी असलेली आजी पुढे आली, वाकली आणि तिने नारळाची शेंडी बोटांनी विंचरून नीट बसवली. कुणी तिला अडवलं नाही.

पलीकडच्या मोहल्ल्यातही हीच तऱ्हा. तिथली माणसं कुवेत, बहारीनकडे जायची आणि तिकडे वारली तर तिथेच दफन व्हायची. कोकणी मुसलमान शाफई. त्यांच्यात मयत समोर नसलं तरी जनाजाची नमाज पढता येते. तसा गायबाना जनाजा असला की आजोबा मशिदीबाहेरच्या फणसाखाली टोपी काढून उभे राहायचे. समोर कुणी नाही आणि तरी सगळा गाव त्याला पोचवायला उभा आहे, हे आम्ही दोन्हीकडे पाहिलं.

पण म्हणून ते दिवस चांगले होते असं मी म्हणणार नाही. थोरल्या काकूने पानांचा माणूस अंगणातून जाताना पाहिला, नवरा गेलेला तिने पाहिला नाही. सुतक फिटलं, श्राद्धं झाली, पोरं मोठी झाली. तरी चिपळूणची एसटी फाट्यावर थांबली की तिची मान वर व्हायची. ती स्वतः जाईपर्यंत व्हायची. त्या पत्रात चूक असेल, दुसऱ्याच कुणाचं नाव असेल, असं ती एकदा माझ्या आईला म्हणाली होती. काकांना काय झालं, कुठे झालं, शेवटी जवळ कोण होतं, यातलं काहीही तिला कधी कळलं नाही. विचारायचं कुणाला हेच घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

आज विचारायला माणसं आहेत. शारजातल्या कागदपत्रांसाठी रात्रंदिवस धावले ते भावाच्या खोलीतले दोन मल्याळी आणि एक बिहारी मुलगा. आखातात या कामाला वाहून घेतलेली माणसं आहेत. अजमानचे अश्रफ तामरश्शेरी यांनी असे हजारो देह मायदेशी धाडले, त्यासाठी २०१५ साली त्यांना प्रवासी भारतीय सन्मान मिळाला. मृत्यूचा दाखला, एम्बामिंगचं सर्टिफिकेट, वकिलातीचं ना-हरकत पत्र, रद्द केलेला पासपोर्ट; एवढं जमल्याशिवाय पेटी हलत नाही. पूर्वी विमानात पेटीचं वजन करून पैसे घ्यायचे, माणसाचं सामानासारखं. २०१९ साली एअर इंडियाने अमिरातीतून मोठ्या माणसासाठी १५०० दिरहम असा ठरलेला दर केला. २०२३ पासून आपल्या विमानतळावरच्या आरोग्य खात्याच्या परवानगीसाठी ‘ई-केअर’ हे पोर्टलही आहे. यातली एकेक गोष्ट कुणाकुणाच्या घरच्यांनी सोसल्यावर झालेली आहे, आणि ती झाली याचं मला मनापासून बरं वाटतं.

चौथ्या दिवशी भाऊ आला. हे चार दिवस मात्र कुठल्याच शास्त्रात बसत नाहीत. तेव्हा तार आल्या दिवसापासून थोरल्या काकूचे दहा दिवस मोजले, अन्नपाण्याचे नियम सुरू झाले, रडायची वेळ ठरली. आता घर नुसतं बसून. चूल पेटत नाही, शेजारून आलेला पिठलं-भात तसाच राहतो, आणि दर अर्ध्या तासाने कुणीतरी फोन बघून सांगतं, स्टॅम्प झाला, विमान ठरलं, विमान चुकलं.

सहारच्या कार्गोमध्ये आम्ही तिघं गेलो होतो. आंब्याच्या पेट्या, औषधांची खोकी आणि त्यांच्यामधून ट्रॉलीवर भाऊ. कागदावर त्याच्यासाठी तीन अक्षरं होती, ‘एचयूएम’. माझी सही झाली. ताब्यात घेणाऱ्याचं नातं लिहायचं असतं तिथे मी ‘भाऊ’ लिहिलं आणि तेवढ्यापुरता पेन जड झाला.

पहाटे कशेडीचा बोगदा ओलांडून ॲम्ब्युलन्स गावात शिरली. वाडीतल्या पोरांनी बांबू तोडून तिरडी बांधून ठेवली होती. पेटी तिच्यावर मावेना. करायला दुसरं काहीच उरलं नव्हतं. आंघोळ तिकडेच झालेली, कपडे तिकडेच घातलेले, कापूससुद्धा परक्या हातांनी नीट ठेवलेला. पोरं हात बाजूला सोडून उभी राहिली. पेटी उघडू नका, असं ड्रायव्हर म्हणाला. धाकटी काकू म्हणाली, “उघडा.”

उघडली. औषधाचा उग्र वास आला. चेहरा त्याचाच होता, थोडा रंग उतरलेला. केस मात्र कुणीतरी फार काळजीने विंचरले होते, आणि भांग उजवीकडे पाडला होता. काकूने न्हाणीतून तांब्या मागवला, हात ओला केला आणि केस मागे सारून भांग डावीकडे पाडला. एक बट परत परत वर येत होती. ती बसेपर्यंत सगळी वाडी थांबली.