माण ते दुबई : अठ्ठेचाळीस तासांचा हिशेब

माण म्हटलं की बाहेरच्या माणसाला साताऱ्याचं माण आठवतं. दहिवडी, म्हसवड, दुष्काळ आणि मेंढरं. आमचं माण ते नव्हे. आमचं मुळशी तालुक्यातलं, हिंजवडीला लागून असलेलं, पावसाळ्यात चिखल आणि बाराही महिने ट्रॅफिक असलेलं. त्यातून इंग्रजीत लिहिताना कुणी त्यात एक ‘ए’ घालतो, कुणी दोन. एकच घातला की वाचणारा ‘मॅन’ वाचतो. आमच्या घरात आधारवर एक ‘ए’ आहे, पासपोर्टवर दोन. गावाच्या नावाची ही गत, तर माणसांच्या नावांचं काय होत असेल ते पुढे येईलच.

इथे पूर्वी भाताची खाचरं होती. गावाच्या कडेला अजूनही थोडी आहेत. आषाढात लावणी चालते आणि बांधापलीकडे काचेच्या इमारती उभ्या असतात. राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा तिसरा टप्पा माणच्याच जमिनीवर आला. बोडकेवाडी, भोईरवाडी या वाड्यांची नावं आता कॅबवाल्यांच्या तोंडी असतात. ज्यांची शेती गेली त्यांनी खोल्या बांधल्या आणि आयटीतल्या पोरांना भाड्याने दिल्या. अब्बांचं छोटं गॅरेज याच रस्त्यावर होतं. एका बाजूला ट्रॅक्टर, दुसऱ्या बाजूला कंपनीची बस, दोन्हींचं पंक्चर तेच काढायचे.

महाराष्ट्रातले कोरोनाचे पहिले दोन रुग्ण ९ मार्च २०२० ला पुण्यातच सापडले. दुबईहून परतलेले. त्या दिवसांत गावात कुणी ‘दुबई’ म्हटलं तरी चार माणसं मागे सरकायची. मग लॉकडाऊन लागला, काचेच्या इमारती रिकाम्या झाल्या, पोरं सामान बांधून गावी गेली आणि खोल्यांच्या दारांवर ‘भाड्याने देणे आहे’ लागलं. जूनमध्ये हिंजवडीतल्या विप्रोच्या इमारतीत ४५० खाटांचं कोविड रुग्णालय सुरू झालं. जिथे लोक लॅपटॉप घेऊन जायचे तिथे अँब्युलन्स जाऊ लागल्या.

आमच्या घरावर ती वेळ दुसऱ्या लाटेत आली. अब्बा २०२१ च्या एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात गेले, रमजानच्या मध्यावर. घरातली धाकटी लग्न होऊन दुबईत. यूएईने २४ एप्रिलच्या मध्यरात्रीपासून भारतातून येणारी विमानं बंद केली होती. ती इकडे येऊ शकली असती, पण परत केव्हा जाता येईल हे कुणीच सांगू शकत नव्हतं. आईवडिलांच्या मातीला आलेली कितीतरी माणसं इथेच अडकून पडली, नोकऱ्या गेल्या. अब्बांचा जनाजा तिने मोबाइलवर पाहिला. तोही अर्धाच, कारण मध्येच रेंज गेली. जूनमध्ये तिने कळवलं की तिला दिवस गेले आहेत आणि तारीख नोव्हेंबरच्या सुरुवातीची आहे. इतके दिवस घरातल्या दुःखात तिला सांगवलं नव्हतं. त्या दिवसापासून अम्मींचं एकच ठरलं होतं : बाळंतपणाला आपण तिथे असायचं.

अम्मी तेव्हा इद्दतीत होत्या. चार महिने दहा दिवस. लशीचा पहिला डोस मार्चअखेर माणच्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात घेतला होता, दुसऱ्याची पाळी इद्दतीत आली, कारण मेमध्ये दोन डोसमधलं अंतर ८४ दिवसांचं झालं होतं. मौलानांना फोन करून विचारलं. गरजेसाठी, औषधोपचारासाठी घराबाहेर पडायला हरकत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. जूनअखेर अम्मी रिक्षाने गेल्या, डोस घेतला, अर्धा तास बसल्या आणि कुणाशी न बोलता परत आल्या. ज्या घरांत याच कारणासाठी बायकांचा डोस राहून गेला, त्यांनी वेळीच विचारायला हवं होतं असं आम्हाला वाटतं.

इद्दत सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपली. यूएईने ३० ऑगस्टपासून जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेल्या लशीचे डोस पूर्ण केलेल्यांना पर्यटक व्हिसा द्यायला सुरुवात केली होती. कोविशिल्ड त्या यादीत होती, कोवॅक्सिन नव्हती; ती यादीत आली ३ नोव्हेंबरला. माणच्या आरोग्य केंद्रात त्या दिवशी कुठली कुपी उघडली होती यावर कुणाचा प्रवास होणार आणि कुणाचा नाही हे ठरत होतं. आणि कोविशिल्ड तरी कुठली? पुण्याच्याच हडपसर भागातल्या सीरम इन्स्टिट्यूटची. तरीही ब्रिटनने सप्टेंबरमध्ये आधी ती लस मानली नाही, मग लस मानली पण भारताचं प्रमाणपत्र मानलं नाही. शेवटी ११ ऑक्टोबरपासून दोन्ही मानलं. आमच्या शेजारचा आयटीतला मुलगा लंडनच्या कामासाठी तीन आठवडे ताटकळत होता. तो म्हणायचा, लस माझ्या घरापासून तासाभरावर बनते आणि मला परीक्षा लंडनला द्यायची.

याच मुलाने अम्मींचे कागद हाती घेतले. व्हिसा जावयांनी काढला. खरी अडचण नावाची होती. आपल्या घरांतल्या बायकांच्या नावांचा घोळ वाचकांना नव्याने सांगायला नको. आधारवर अम्मींच्या नावाला ‘बी’ जोडलेलं, पासपोर्टवर ‘बी’ नाही. ‘शेख’चं इंग्रजी एकीकडे ‘ए-आय’ने, दुसरीकडे ‘ई-आय’ने. लस आधार दाखवून घेतलेली, त्यामुळे प्रमाणपत्रावर आधारचं नाव. कोविन पोर्टलवर जूनपासून दोन सोयी झाल्या होत्या : प्रमाणपत्रातली चूक दुरुस्त करणं आणि त्यावर पासपोर्टचा नंबर चढवणं. मात्र दुरुस्ती एकदाच करता येत होती, आणि नंबर चढवायचा तर नाव पासपोर्टशी जुळायला हवं. म्हणून आधी नाव, मग नंबर. त्या मुलाने पासपोर्ट समोर ठेवून एकेक अक्षर मोठ्याने वाचलं, आम्ही दोघांनी ऐकलं, अम्मींनी ‘आमीन’ म्हटलं आणि मग बटण दाबलं. सप्टेंबरअखेर प्रमाणपत्रावर पूर्ण जन्मतारीख घालण्याचीही सोय आली, तीही करून घेतली.

आणखी एक गोष्ट ओघात सांगून ठेवतो. नोव्हेंबर २०२२ पासून यूएईने व्हिजिट व्हिसावर येणाऱ्यांच्या पासपोर्टवर एकच नाव चालणार नाही असा नियम केला. आडनावाची जागा रिकामी ठेवलेले कितीतरी पासपोर्ट आपल्या नात्यात आहेत. साथ गेली तरी नावाचं हे दुखणं गेलेलं नाही.

तिकीट निघालं गुरुवार, २१ ऑक्टोबरचं, पहाटे सव्वाचारचं. लोहगाव विमानतळ धावपट्टीच्या कामासाठी १६ ते २९ ऑक्टोबर बंद, म्हणून मुंबईहून. दुबईचा नियम असा : आरटीपीसीआरचा निगेटिव्ह अहवाल ४८ तासांच्या आतला, तेही अहवाल मिळाल्यापासून नव्हे, तर नमुना घेतल्यापासून मोजायचे. अहवालावर क्यूआर कोड हवा, आणि तो स्कॅन केला की मूळ अहवाल उघडला पाहिजे. शिवाय विमान सुटण्याआधी सहा तासांच्या आत विमानतळावर रॅपिड पीसीआर. दुबईत उतरल्यावर आणखी एक चाचणी. म्हणजे मंगळवार पहाटे सव्वाचारच्या आधी नाकातून काडी फिरवली तर ती फुकट, आणि फार उशीर केला तर अहवाल हाती यायचा नाही.

मंगळवार १९ ऑक्टोबर म्हणजे ईद-ए-मिलाद. सुट्टी. एका प्रयोगशाळेने अहवालाला ३६ तास सांगितले. दुसरीच्या अहवालावर क्यूआर कोडच नव्हता. वाकडच्या तिसरीने सकाळी माणूस घरी पाठवायचं कबूल केलं. सरकारने ठरवलेला घरी येऊन नमुना घेण्याचा दर तेव्हा ८०० रुपये होता आणि त्यांनी तेवढेच घेतले. साडेसातला तो मोटारसायकलवर आला. बाहेर मिलादची झालर लागलेली, आत अम्मी खुर्चीवर मान वर करून बसलेल्या. काडी नाकात गेली तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं. त्या म्हणाल्या, ‘‘तुझ्या अब्बांचंही असंच केलं होतं.’’ नंतर बराच वेळ कुणी बोललं नाही.

त्या रात्री अम्मींनीच प्रश्न काढला. साथ असलेल्या गावात शिरू नये आणि तिथे असाल तर तिथून बाहेर पडू नये, ही पैगंबरांची (स.) शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. मग हे जाणं बरोबर का? आम्हाला जे सुचलं ते सांगितलं : आपल्या पायाने आजार दुसऱ्याच्या दारात जाऊ नये हाच त्यामागचा हेतू, आणि ही चाचणी तेच तर तपासते. साथीत प्रवाशाला अडवणं नवं नाही. १८९६ मध्ये मुंबईत आणि मग पुण्यात प्लेग आला तेव्हा, १८९७ च्या सुरुवातीला, सरकारने मुंबई बंदरातून हजला जाणारी जहाजंच थांबवली. त्या काळी तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर हाजींना उतरवून क्वारंटाइनमध्ये ठेवत. त्याच वर्षीचा साथरोग कायदा २०२० मध्ये महाराष्ट्राने पुन्हा बाहेर काढला. आमच्या काळातही २०२० आणि २०२१ चा हज बाहेरून येणाऱ्यांविना झाला. २०२२ ला दहा लाखांना परवानगी मिळाली, त्यात भारताचा वाटा ७९,२३७. पण वय ६५ च्या आत, लस पूर्ण आणि ७२ तासांतला आरटीपीसीआर. त्या वर्षी पैसे साठवून तयार बसलेले किती बुजुर्ग वयापायी मागे राहिले, ते त्यांच्या घरच्यांनाच ठाऊक.

बुधवारी दुपारी तीनला अहवाल मोबाइलवर आला. निगेटिव्ह. अल्हम्दुलिल्लाह म्हणेपर्यंत शेजारच्या मुलाने बोट ठेवलं : पासपोर्ट नंबरातला एक आकडा चुकला होता. आमच्याकडून गेलेल्या फॉर्मवर तो बरोबर होता. प्रयोगशाळेला फोन, ‘सर जेवायला गेलेत’, पुन्हा फोन, मग तो मुलगा स्वतः वाकडला गेला. पाच वाजून वीस मिनिटांनी दुरुस्त अहवाल आला. स्कॅन करून पाहिला, उघडला. सहाला गाडी निघाली. आयटीची सुटी व्हायची ती वेळ, पण २०२१ मध्ये बहुतेक पोरं घरूनच काम करत होती. माण ते एक्सप्रेस-वे असा मोकळा रस्ता आम्ही ना आधी पाहिला, ना नंतर.

अम्मींना इंग्रजी वाचता येत नाही. उर्दू आणि मराठी येतं. म्हणून फाइलीत प्रत्येक कागदावर रंगीत चिठ्ठी चिकटवली होती आणि त्यांच्याच हातून तिच्यावर लिहून घेतलं होतं : पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, लस, तपास, परतीचं तिकीट. कुणी काही मागितलं तर त्यांना दुसऱ्याचं तोंड पाहावं लागू नये म्हणून. आम्हाला आत सोडणार नव्हते. दहाला टर्मिनल दोनच्या बाहेर पोहोचलो आणि पंधरा मिनिटं गाडीतच बसून राहिलो, कारण सव्वादहाच्या आत दिलेला नमुना सहा तासांत बसत नव्हता. रॅपिड पीसीआरचे साडेचार हजार अम्मींनी रुमालात वेगळे बांधून ठेवले होते. घरी येऊन घेतात त्याच्या पाचपटीहून जास्त, आणि विमानतळावर दुसरीकडे जायची सोय नाही. गल्फला परत जाणाऱ्या मजुराने हे कुठून आणायचे, हा प्रश्न तेव्हा विचारायला हवा होता आणि फारसा कुणी विचारला नाही.

व्हीलचेअरवाल्या मुलाबरोबर त्या आत गेल्या. साडेअकराला फोन आला : ‘‘नाही आला.’’ काय नाही आला? ‘‘कोरोना.’’

धाकटीला ४ नोव्हेंबरला मुलगी झाली. अम्मी तिच्याजवळ होत्या. सातव्या दिवशी नाव ठेवायचं होतं, जावयांनी दोन नावं काढली होती आणि घरचे सगळे व्हिडिओ कॉलवर जमले होते. अम्मींनी दोन्ही ऐकून घेतली, नात मांडीवर सारखी केली आणि विचारलं, ‘‘यातलं कुठलं इंग्रजीत एकाच तऱ्हेने लिहितात?’’